एका लहान गांवाचे चेहरे

(ज्युबिलीनिमित्त दिलेलें व्याख्यान)



राजेरजवाड्यांचीं व धनिकांचीं चित्रें दिवाणखान्याच्या भिंतीवर टिकून राहतात. पण नांगर धरणाऱ्या माणसाचा चेहरा जतन करण्याची काळजी कोण वाहतो? ज्या गृहस्थाविषयीं मी आज बोलणार आहें, त्याच्या कामांत या प्रश्नाचें एक उत्तर सांपडतें.

अमेरिकेंतील आर्कन्सा संस्थानांत हेबर स्प्रिंग्ज हें एक लहानसें गांव आहे. माइक मेयर हा जर्मन वंशाच्या शेतकरी कुटुंबांतील तरुण 1914 सालीं तेथें आला व फोटोग्राफीचा धंदा करूं लागला. त्याचा जन्म 1884 चा. स्वभाव मोठा विक्षिप्त. मेयर म्हणजे शेतकरी, आणि आपण तर शेतकरी नव्हे, असें म्हणून 1939 सालीं त्यानें कायदेशीर रीतीनें डिसफार्मर हें नांव घेतलें. लहानपणीं वावटळीनें आपणांस उचलून मेयर कुटुंबांत आणून टाकलें, असेंही तो सांगे. लग्न त्यानें केलें नाहीं.

तथापि त्याच्या स्टुडिओंत सारा गांव येई. उत्तरेकडचा उजेड, मागें साधा पडदा आणि पुढें कांचेच्या प्लेटींचा कॅमेरा, एवढाच त्याचा सरंजाम. पोस्टकार्डाएवढ्या तीन प्रती पन्नास सेंटांस मिळत. गिऱ्हाइकास तो हंसावयास लावीत नसे. शेतकरी त्याच्यापुढें शेतावरच्या वेषांत उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत गणवेष घातलेले तरुण उभे राहिले. अशा तरुणाच्या आईला तें पोस्टकार्ड किती मोलाचें वाटलें असेल, हें मीं सांगावयास नको. खुशामत न करतांही माणसाचा मान राखतां येतो, हें त्यानें दाखविलें.

1959 सालीं तो वारला. स्टुडिओंतील सामान गांवांतील एका गृहस्थानें अवघ्या 5 डॉलरांस विकत घेतलें. त्यांत सुमारें 3000 कांचेच्या निगेटिव्ह होत्या. त्या त्यानें फेकून दिल्या नाहींत, हेच मोठे उपकार. पुढें 1970 नंतर त्या पीटर मिलर या स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकाच्या हातीं आल्या, आणि ज्युलिया स्कली या विदुषीच्या साहाय्यानें 1976 सालीं त्यांचें पुस्तक निघालें. गांवाबाहेर ज्यांना कोणी ओळखत नव्हतें, ते चेहरे न्यूयॉर्कच्या कलादालनांत मानानें मांडले गेले.

बंधुभगिनींनो, आपल्याही घरोघरीं पेटींत जुने फोटो आहेत: लग्नाचे, पहिल्या कम्युनियनचे, परगांवीं नोकरीस निघालेल्या मुलाचे. ते काढणाऱ्या फोटोग्राफरचें नांव पुष्कळदां मागच्या शिक्क्यापुरतेंच उरतें. वाळवी हा त्यांचा एक शत्रु. विस्मरण हा त्याहून मोठा. वडील मंडळी हयात आहेत तोंवर त्यांना विचारून प्रत्येक फोटोमागें मऊ पेन्सिलीनें नांव, गांव व साल लिहून ठेवा. नांव गेलें कीं आजीचा फोटोही दोन पिढ्यांत परक्या बाईचा होतो. त्या गृहस्थानें 5 डॉलरांत जें वांचविलें, तें आपणांस एका पेन्सिलीनें वांचवितां येईल.