यंत्राची चाल बसवितांना



मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. तथापि बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला जें दाखविलें, तें आपणांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

त्याच्या कारखान्यांत ठिबक सिंचनाचे प्लॅस्टिकचे जोड होतात. एक जाड स्क्रू पुढें सरकून वितळलेलें प्लॅस्टिक सांच्यांत दाबतो. तो किंचित अधिक गेला, तर मालाच्या कडेला पापुद्रा राहतो. किंचित कमी गेला, तर जोड अपुरा भरतो आणि पुढें शेतांत गळूं लागतो. इंदापूरकडे ज्याचें शेत कालव्याच्या शेपटाला आहे, त्यास थेंबाची किंमत विचारावी!

स्क्रू कोठें आहे, हें एक मोजसाधन सेकंदास शेकडों वेळां नियंत्रकास कळवितें. हवी ती जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतील अंतर पाहून नियंत्रक तेलाचा व्हॉल्व्ह कमीअधिक उघडतो. यास कारागीर ‘क्लोज्ड लूप’ म्हणतात. जेम्स वॅट यानें १७८८ सालीं वाफेच्या इंजिनास फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसविला, त्यांतील तत्त्व हेंच. असें यंत्र केव्हां स्थिरावतें व केव्हां हेलकावे खातें, याचें गणित मॅक्सवेल यानें १८६८ सालीं मांडलें.

हेलकावे कां येतात? वीर येथें नीरा डाव्या कालव्याचें दार उघडलें, तरी पाणी इंदापुरास लगेच पोंचत नाहीं. दिसत नाहीं म्हणून दार आणखी उघडावें, तर मागाहून लोंढा येतो. घाबरून मिटावें, तर पुन्हां कोरड. तेल व व्हॉल्व्ह यांनाही क्षणांशाचा असाच उशीर लागतो. दुरुस्तीचा जोर बेताबाहेर गेला, कीं दुरुस्तीच चूक होते.

झीग्लर व निकोल्स यांनीं १९४२ सालीं एक रीत सांगितली: यंत्र एकसारखें डोलूं लागेपर्यंत जोर वाढवावा, केवळ त्याच एका दुरुस्तीवर काम चालवावयाचें असल्यास मग तो निम्मा करावा. माझा विद्यार्थी मात्र महागड्या सांच्यावर हें धाडस करीत नाहीं. तेल आधीं कामाइतकें तापूं देतो. कारण थंड तेल दाट असतें, आणि सकाळीं बसविलेली चाल दुपारीं फसते. मग लहान चाल, एका वेळीं एकच बदल, आणि वहींत नोंद.

“इतका धीर कोठें शिकलास?” मीं विचारलें.

तो संकोचून म्हणाला, “गुरुजी, पाढे म्हणतांना मी थांबलों, कीं आपण छडी उचलीत होतां. मग येत असलेला आंकडाही मी बदलीत असें.”

मला उत्तर सुचलें नाहीं. त्याचें उत्तर येण्यापूर्वींच मी दुरुस्ती करीत होतों. चाळीस मुलांच्या वर्गांत असे किती आंकडे बदलले गेले असतील, हें आतां मोजतां येणार नाहीं. ज्यांच्या हातीं आज मुलें आहेत, त्यांनीं छडीपूर्वीं क्षणभर थांबावें, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.