रोवणी संपली, ताट तेवढंच

श्रोतेहो, कामठ्याच्या परिसरात जेवण म्हणजे भात. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून परे लावणाऱ्याला भरलेलं ताट लागतंच. पण दिवसभर दुकानात बसणाऱ्याच्या पुढ्यातही तेच ताट येतं, आणि पोट सुटतं.

मग एक दिवस ठरतं, भात बंद, पहाटे धावणं सुरू! आठ दिवसांत गुडघे कुरकुरतात आणि भात व्याजासकट परत येतो.

हिशेब बघा. साठ-पासष्ट किलोच्या माणसाने अर्धा तास झपझप चाललं, तर साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात जवळपास तेवढ्याच असतात. म्हणजे वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून. मग चालायचं कशाला? वजन घटताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ती झीज व्यायाम आवरतो.

तेव्हा आधी एक वाढणी भात कमी करा, त्या जागी वरण-भाजी घ्या. आठवड्याने वीस मिनिटं चालायला लागा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच भात कमी करावा, साखर एकदम उतरू शकते. महिन्याला दोन किलो उतरले तरी पुष्कळ.