गरम चहा देणाऱ्याचे शिक्षण
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



माझा आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. गिऱ्हाइकाला गरम चहा कसा द्यावा, हा काय शिकविण्याचा विषय झाला? परंतु आपल्या समाजातील कितीतरी तरुण हॉटेलांत, कँटीनमध्ये, बोटींवर आणि आखातातील उपाहारगृहांत वाढप्याचे काम करतात. पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती ट्रे येतो. तो कसा धरावा, हे बहुधा कोणी सांगत नाही. या कामालाही शिक्षण लागते आणि ते दिले नाही तर कोणाचे तरी अंग भाजते, एवढेच मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आधी थोडे विज्ञान पाहू. चहा उकळतो तो जवळजवळ १०० अंश सेल्सिअसला. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाच्या कातडीवर सुमारे ५ सेकंद राहिले तरी खोलवर भाजते. ७० अंशांना एखादा सेकंद पुरतो. लहान मुलाची कातडी पातळ असते, म्हणून त्याला याहूनही कमी वेळ लागतो. चहा करून १५ मिनिटे झाली तरी तो तान्ह्या मुलाला भाजू शकतो. त्यातून तो कपड्यांवर सांडला, तर कापड तो धरून ठेवते आणि भाजणे चालूच राहते.

आता दोन खटल्यांची हकीकत सांगतो. दोन्ही अमेरिकेतील आहेत. १९९२ च्या फेब्रुवारीत अल्बुकर्क शहरात ७९ वर्षांच्या एका आजींनी मॅक्डोनाल्डची कॉफी घेतली. थांबलेल्या मोटारीत, पेला गुडघ्यांत धरून झाकण काढताना ती अंगावर सांडली. जखमा इतक्या खोल होत्या की कातडी बसवावी लागली. ही कॉफी ८२ ते ८८ अंशांवर ठेवण्याचा कंपनीचा नियमच होता, आणि आधीच्या १० वर्षांत भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी आल्या होत्या, असे कोर्टात उघड झाले. १९९४ साली ज्युरीने २० टक्के दोष आजींचा आणि ८० टक्के कंपनीचा ठरविला.

दुसरी घटना २०२० ची, लॉस एंजेलिस येथील. स्टारबक्सच्या खिडकीवर पार्सल पोहोचविणाऱ्या एका तरुणाला पेल्यांचा ट्रे दिला गेला. त्यातील एक पेला खोबणीत नीट बसविलेला नव्हता. तो कलंडला आणि तरुण गंभीर भाजला. मार्च २०२५ मध्ये ज्युरीने त्याला ५ कोटी डॉलर भरपाई ठरविली.

मित्रांनो, या दोन घटनांतील फरक ध्यानात घ्या. पहिलीत प्रश्न होता पेय किती गरम ठेवावे याचा. तो मालकाने ठरवावयाचा. दुसरीत प्रश्न होता हाताच्या सवयीचा. पेला दाबून बसविण्यास एक क्षण लागतो, पण ती सवय शिकवावी लागते.

मग शिकवावे काय? कप काठोकाठ भरू नये, बोटभर जागा सोडावी. भरलेला ट्रे गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून किंवा खांद्यावरून नेऊ नये. कप हातात न देता टेबलावर ठेवावा, काठापासून आत, आणि कान गिऱ्हाइकाच्या बाजूला करावा. जवळ मूल असेल तर कप त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. "गरम आहे, सांभाळा," हे दोन शब्द तोंडाने बोलावेत. कागदी पेल्याचे झाकण चहूबाजूंनी दाबून पाहावे. किटली नेताना तिची तोटी माणसांकडे नसावी. ओल्या फडक्याने गरम भांडे धरू नये, कारण ओल्या कापडातून चटका लवकर लागतो. जमिनीवर सांडलेले ताबडतोब पुसावे. घसरणारा पहिला माणूस बहुधा वाढपीच असतो. या सर्व गोष्टी थंड पाण्याने भरलेले कप घेऊन अर्ध्या दिवसात शिकविता येतात. पैसा जवळजवळ लागत नाही.

इतके करूनही कोणी भाजलेच, तर जखमेवर नळाचे थंड पाणी २० मिनिटे धरावे. भिजलेले कपडे, अंगठी, बांगडी लगेच काढावी. कापड कातडीला चिकटले असेल तर मात्र ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. नंतर स्वच्छ कापडाने झाकून डॉक्टरांकडे न्यावे.

पालकांना माझी विनंती आहे. चौदा वर्षांखालील मुलाला हॉटेलात वा चहाच्या टपरीवर कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. त्या वयाची जागा वर्गात आहे. मोठा मुलगा अशा कामाला लागला, तर पगाराबरोबर मालकाला आणखी तीन प्रश्न विचारा: काम कोण शिकविणार? पायात घालावयास न घसरणारे बूट मिळतील काय? भाजल्यास औषधपाण्याचा खर्च कोण करील? हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

विद्यार्थ्यांनो, संमेलनात पाहुण्यांना चहा देण्याचे काम तुम्हीच स्वयंसेवक म्हणून करता. सुरुवात तेथूनच करू या. बिस्किटांच्या बश्या लहान वर्गांनी फिरवाव्यात, किटली मात्र मोठ्यांच्याच हाती असावी, आणि आदल्या दिवशी अर्धा तास सराव व्हावा. चहा देणारा हात आपण हलका मानतो, म्हणून त्याला शिकविण्याचे कष्ट घेत नाही. पण समोरच्याचे अंग सुरक्षित राहावे याची काळजी घेणारा हात कुशल कारागिराचाच असतो. त्याला तसा मान द्या आणि तसे शिक्षणही द्या.