फळा, फोन आणि शिक्षकाचा तास



आजचा विषय शिक्षणाचा आणि व्याख्याता कामगार संघटनेचा, हे पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. ते साहजिकच आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे बसून. शिक्षणशास्त्रातला अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु काम, कामाचे हत्यार आणि कामाचा तास या तीन गोष्टींचा विचार करण्यात आमची तीस वर्षे गेली. आणि आज शाळेपुढे जो प्रश्न उभा आहे, तो या तिहींचाच आहे.

काही शिकवणे वर्गात समोरासमोर आणि काही फोनवर किंवा संगणकावर, या पद्धतीला हल्ली ‘ब्लेंडेड लर्निंग’ म्हणतात. आपण तिला मिश्र अध्यापन म्हणू. वर्गातील शिक्षकाने ती कशी चालवावी, एवढाच आजचा प्रश्न.

मिश्रणाची कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. पुस्तक घरी वाचावे आणि ठरल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जाऊन शंका विचाराव्या, हा तेथील क्रम. आमचे कितीतरी सोबती या वाटेने पदवीधर झाले. पुस्तक होते आणि शंका ऐकणारा माणूसही होता, म्हणूनच ते झाले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा हीच गोष्ट आम्ही विसरलो. ती चूक कबूल केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. आम्ही घरोघर फिरून जुने फोन गोळा केले, त्यांत गणिताचे धडे भरले, कामगारांच्या मुलांना ते वाटले आणि मोठे काम केल्याच्या समाधानात राहिलो. पुढे निर्बंध सैल झाल्यावर एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्या मुलांना कचेरीच्या अंगणात बसवून विचारले, “अर्ध्या भाकरीतून पाव-पाव भाकरीएवढे तुकडे किती निघतील?” सगळे म्हणाले, “दोन.” मग बाईंनी फळ्यावर अर्धा भागिले पाव असे मांडले. एका मुलीने उत्तर लिहिले, एक अष्टमांश. “भागल्यावर उत्तर लहानच व्हायला हवं ना, बाई?” असे ती म्हणाली. धडा तिने तीनदा पाहिला होता. तिच्या मनातला घोटाळा फोनला तीनदा दिसला नाही; बाईंना तो अर्ध्या मिनिटात दिसला. हत्यार आणि कारागीर यांतला भेद आम्ही जन्मभर सभांतून सांगत आलो, तो त्या दिवशी आम्हांला स्वतःला कळला!

मग बाईंनी क्रमच बदलला. आधी कागदावर एक उदाहरण, मग तिघांत एक फोन घेऊन लहानसा धडा, आणि शेवटी बाईंपुढे बसून ‘हे असे का?’ याचे उत्तर. हाच क्रम चाळीस मुलांच्या वर्गातही चालतो. मुलांचे तीन गट करावेत. एकाने धडा पाहावा, दुसऱ्याने वहीत उदाहरणे सोडवावीत, तिसऱ्याने शिक्षकापुढे बसावे. ठरल्या वेळी गट बदलावेत. चार फोनांत काम भागते. मुख्य लाभ हा की शिक्षकापुढे चाळीसऐवजी तेरा-चौदा मुले बसतात, आणि मागच्या बाकावरचा मुलगाही त्याच्या दृष्टीस पडतो.

दुसरा प्रकार उलट्या वर्गाचा: धडा घरी पाहायचा आणि उदाहरणे वर्गात सोडवायची. अमेरिकेत कोलोराडोमधील जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ च्या सुमारास तो रूढ केला. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हते त्यांना त्यांनी धडे तबकड्यांवर भरून दिले. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्क्यांच्या घरी २०१८ साली स्मार्टफोन होता, २०२१ साली ६७.६ टक्क्यांच्या. परंतु घरी फोन असूनही चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. कारण उघड आहे. फोन बापाच्या खिशात असतो आणि बाप पाळीवर असतो. म्हणून नवा धडा केवळ घरच्या फोनवर सोपवू नये. जे फोनवर आहे ते कागदावरही असले पाहिजे.

आता तासाची गोष्ट. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. मिश्र पद्धतीने शिकलेले विद्यार्थी नुसत्या वर्गात शिकलेल्यांपेक्षा काहीसे पुढे आढळले. पण त्या विद्यार्थ्यांना बहुधा अभ्यासाला वेळ आणि साहित्य दोन्ही अधिक मिळाले होते, तेव्हा यशाचे श्रेय यंत्राला देता येत नाही, असे त्याच अहवालाने बजावले. आम्ही विचारतो, हा अधिक वेळ कोणाच्या पदरचा? धडे निवडायचे, कागद तयार करायचे, रात्री मुलांची उत्तरे तपासायची, हे सारे शिक्षकानेच करायचे. आणि वेळापत्रकात त्याचा एकही तास नाही! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाच्या आठवड्याला किमान ४५ तास ठरवले आहेत आणि तयारीचे तास त्यांतच धरले आहेत. म्हणजे तयारी हे काम आहे, हे कायद्यालाही मान्य आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली. आज कित्येक शिक्षकांचा रविवार पालकांच्या संदेशांना उत्तरे देण्यात जातो.

यंत्राला आमचा विरोध नाही. यंत्राने सांगण्याचे ओझे उचलावे आणि शिक्षकाला ऐकण्यास मोकळे करावे. तसे होते की नाही, ही त्याची कसोटी.

जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा आपल्या मुलांच्या शाळेत किती फोन आले हे अवश्य विचारा. पण त्याआधी दोन प्रश्न विचारा: या नव्या कामासाठी शिक्षकांच्या वेळापत्रकात किती तास ठेवले? आणि ज्याच्या घरी फोन नाही, त्या मुलाच्या हाती काय दिले?