आपले मैदानी खेळ आणि लिंबूटिंबू



मैदानी खेळांवर बोलण्यासाठी माझ्यासारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसास उभे करण्यात व्यवस्थापकांनी थोडा विनोदच साधला आहे. व्यायामाचे फायदे मी सांगणार नाही. ते आपणांस पाठ आहेत, आणि पाठ असूनही आपण सारे बसूनच आहोत. मला बोलायचे आहे ते एका खेळाविषयी व त्यातल्या एका लहानशा रिवाजाविषयी.

खेळ आट्यापाट्यांचा. तरुण मंडळींपैकी पुष्कळांनी तो पाहिलाही नसेल, म्हणून मांडणी सांगतो. ठराविक अंतरावर नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना मधोमध छेदणारी एक उभी पाटी. हिला सूर म्हणतात. नियमांच्या पुस्तकात दोन पाट्यांमधले अंतर ११ फूट आणि सुराची लांबी ८९ फूट १ इंच अशी दिलेली आहे. एका बाजूचे गडी पाट्यांवर उभे राहून वाट अडवितात. दुसऱ्या बाजूच्या गड्यांनी हुलकावण्या देत, अंगाला हात लागू न देता, एकेक पाटी ओलांडीत शेवटापर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. समोरचा गडी चुकविता येतो. सुरावरून धावत येणारा चुकविणे कठीण. साहित्य म्हणाल तर काही नाही. बॅट नको, चेंडू नको, जाळे नको.

आमच्या गावी देवळामागच्या पटांगणात चांदण्या रात्री हा डाव पडे. झारीने पाण्याची धार धरून रेघा आखीत. कोरड्या धुळीत ती ओली रेघ चांदण्यात काळी दिसे. ती सुकली की भांडणे सुरू! ‘पाय पाटीवर होता’, ‘नव्हता’. मग कोणी म्हातारा ओट्यावरून निवाडा देई आणि झारी पुन्हा फिरे. नऊ-नऊ गडी क्वचितच जमत. सात आले तर सात पाट्या, पाच आले तर पाच. गडी वाटून घेण्याची रीतही पाहण्यासारखी होती. सारख्या ताकदीचे दोघे गळ्यात हात घालून बाजूला जात, गुपचूप नावे ठरवीत आणि येऊन विचारीत, ‘चंद्र हवा की सूर्य?’ जो मिळेल तो आपला. त्यामुळे शाळामास्तरांच्या जोडीला गावचा शिंपी असे, आणि एकाच्या बाजूला मास्तर तर दुसऱ्याच्या बाजूला त्यांचाच विद्यार्थी.

आणि या सगळ्यांच्या पायांत घोटाळणारे लिंबूटिंबू. माझा धाकटा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा. तो कोणत्याही पाटीतून धावे, त्याला हात लागला तरी तो बाद नसे, आणि शेवटापर्यंत पोहोचला तरी त्याचे कोणी मोजीत नसे. मोठी माणसे त्याला अडविताना मुद्दाम धडपडत. एका रात्री सुरावरच्या गड्याने नेहमीप्रमाणे त्याच्या पाठीवर थाप मारली. हा थांबला, म्हणाला, ‘मी बाद झालो,’ आणि रेघेबाहेर जाऊन बसला. कोणी हसले नाही. दुसऱ्या रात्री जोड्या पाडताना त्यालाही जोडीदार शोधावा लागला. नियम त्याला कोणी शिकविले नव्हते. तो दोन उन्हाळे आमच्यात नुसता धावत होता.

आता दुसरी बाजू. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांचे नियम लिहून काढले, हे मोठेच काम झाले. एरवी अमरावतीचा गडी आणि साताऱ्याचा गडी एका मैदानात उतरलेच नसते. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपले खेळ बर्लिनला नेऊन दाखविले. १९९० साली कबड्डी आशियाई क्रीडास्पर्धांत आली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला व तो भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनीही जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. माझी छाती फुगली, हे कबूल करतो.

परंतु नियमांच्या पुस्तकात लिंबूटिंबू नाही, आणि असूही शकत नाही. सामन्यात प्रत्येक गुण मोजावाच लागतो. माझी तक्रार पुस्तकाबद्दल नाहीच. सामना हेच खेळाचे एकमेव रूप होऊन बसले, ही माझी तक्रार आहे. शाळेच्या खो-खोच्या संघात बारा मुले घेतात. उरलेल्या वर्गाने टाळ्या वाजवायच्या. मुलांचे आईबाप तर टाळ्या वाजवायलाही क्वचितच येतात. संध्याकाळी आमच्या बागेत जाऊन पाहा. म्हाताऱ्यांचा कट्टा निराळा, मधल्या वयाच्या माणसांनी गोल गोल चालण्याची वाट निराळी, घसरगुंडीला तर कुंपणच. तीन पिढ्या एकाच बागेत, आणि एकमेकांस हात लावण्याचा प्रसंग येत नाही.

जागा नाही, असे आपण म्हणाल. आमच्या भागात एका शाळेचे चांगले प्रशस्त मैदान आहे. पाचनंतर त्याला कुलूप. आम्ही चौघे जण विनंती करावयास गेलो. ‘कोणी पडले, लागले, तर जबाबदारी कोणाची?’ असा प्रश्न आला. प्रश्न खोटा नाही. आम्ही लेखी जबाबदारी घेतो म्हणालो. आज आठ महिने झाले, उत्तर नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी चौघांऐवजी चाळीस जण असलो तर बरे होईल. ज्यांना यायचे असेल त्यांनी सभेनंतर दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहावे.

तोवर या पटांगणाचा उपयोग करण्यास व्यवस्थापकांनी परवानगी दिली आहे. रविवारी सकाळी सहा वाजता खुर्च्या हलवून येथे पाट्या आखू. झारी मी आणतो. नातवंडे असतील त्यांनी नातवंडांसह यावे. गुडघ्यांमुळे मला मात्र त्या दिवशी लिंबूटिंबू धरावे लागेल.