आमचे ड्रॉइंगमास्तर

(खटाव तालुक्यातील एका हायस्कुलाच्या पटांगणात भरलेल्या शोकसभेत एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



मी भाषण करणारा माणूस नव्हे. माझा जन्म लाकूड तासण्यात गेला. सभा भरविणाऱ्यांनी गळ घातली म्हणून उभा राहिलो आहे. शब्द वाकडेतिकडे पडले तर सांभाळून घ्यावे.

माझ्या आधी बोललेल्या वक्त्यांनी मास्तरांना थोर चित्रकार म्हटले. मला ते पटत नाही. मास्तर येथे बसलेले असते तर त्यांनीच हात वर करून वक्त्यांस थांबविले असते. मास्तरांची स्वतःची चित्रे मी पाहिली आहेत. बरी होती, त्यापलीकडे काही नाही. थोर चित्रकार कोण हे त्यांना पक्के ठाऊक होते, कारण त्यांचे शिक्षण कोल्हापुरास झालेले. आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या तळ्याकाठी बसून पाण्यावरचा उजेड कसा रंगवीत, हे सांगताना मास्तरांचा आवाज बदलत असे. आणि बाबूराव पेंटर! जन्म १८९० चा, मेस्त्रीचे घराणे, कोणत्याही चित्रशाळेत पाऊल टाकलेले नाही; पण नाटकाचे पडदे रंगवता रंगवता या गृहस्थाने सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी जुळवून बनविला आणि १९२५ साली 'सावकारी पाश' काढून शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात कशी जाते हे लोकांस पडद्यावर दाखविले. ही हकीकत मास्तरांनी आम्हास वीस वेळा तरी सांगितली असेल. दर वेळी 'मेस्त्रीचा पोर' या शब्दांवर ते थांबत आणि वर्गात सुतार-लोहार-कुंभारांची मुले कोठे बसली आहेत तिकडे बघत. आम्ही तेव्हा मान खाली घालीत असू. का, ते पुढे सांगतो.

त्या काळी हायस्कुलात ड्रॉइंगचा तास म्हणजे बिनधन्याचे शेत. ज्याला हवे त्याने गुरे सोडावीत. गणिताचा धडा मागे पडला, घ्या ड्रॉइंगचा तास. इन्स्पेक्टर येणार, भिंतीवर सुविचार लिहावयास बोलवा ड्रॉइंगमास्तरास. गॅदरिंगचा पडदा, झेंडावंदनाची रांगोळी, हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नाचे तोरण, सगळे त्यांच्याच गळ्यात. पगारपत्रकावर नाव तळाशी, स्टाफरूममध्ये खुर्ची दाराजवळची. मास्तर हे सगळे करीत. पण कोणी तास मागितला की नाही म्हणत. त्यापायी त्यांचे कितीजणांशी वाकडे आले, हे त्या वेळचे शिपाईमामा आज समोर बसले आहेत, त्यांना विचारा.

आम्ही आठवीच्या वर्गात आलो ते एकच चित्र शिकून. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला खोपटे आणि नारळाचे झाड. पहिल्या तासाला साऱ्या वर्गाने तेच काढले. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "आपल्या खटावात नारळ कोणी पाहिलाय? देवळात फोडतात तो नव्हे, झाडावरचा." एकही हात वर झाला नाही. "आणि नदीला पाणी?" वर्ग हसला. मग त्यांनी आम्हास बाहेर नेले आणि गावाबाहेरच्या बाभळीखाली बसविले. म्हणाले, बाभूळ काढा. तासभर धडपडलो तेव्हा कळले, की ज्या झाडाखाली जन्म गेला ते झाड आपण कधी पाहिलेलेच नाही.

रंगाच्या पेट्या कोणाच्या ऐपतीत होत्या? मास्तरांनी गेरू, चुना, दिव्याची काजळी, हळद आणि कपड्यांना घालावयाची नीळ एवढ्यात आमचे भागविले. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून त्यात रंग कालवावा, बांबूच्या काडीचे टोक ठेचून कुंचला करावा. हळदीचा पिवळा उन्हाने उडून जातो, म्हणून हळदीचे चित्र भिंतीला लावू नये, हेही त्यांनीच सांगितले. माझ्या बहिणीने एकदा सणाची हळद संपविली म्हणून मला मार बसला होता. ती संपविली मी होती. असो.

एकदा मास्तरांनी आम्हास पायी औंधास नेले. औंधचा राजा स्वतः चित्रे काढणारा. त्याने १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उघडले. तेथे रविवर्म्याची चित्रे बघून आमचे डोळे दिपले. पण हेन्री मूर नावाच्या इंग्रज शिल्पकाराची आई-मुलाची एक मूर्ती आहे, तिच्यापुढे आम्ही फिदीफिदी हसलो. मास्तर म्हणाले, "हसून झाले की डोळे मिटा. रात्री दिवा विझल्यावर आई पोराला घेऊन बसली तर कशी दिसते ते आठवा आणि मग पुन्हा बघा." मी बघितले. हसू थांबले, एवढे खरे. पुरते कळले असे आजही म्हणणार नाही.

आता ज्याकरिता उभा राहिलो ते सांगतो.

१९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. विहिरी आटल्या, बैल कवडीमोलाने बाजारात गेले. बैलच नाहीत तर गाडी कोण करून घेणार आणि नांगर कोण भरून घेणार? बलुत्याची रास शेतकऱ्याच्याच घरात नाही, तर सुताराच्या घरात कोठून यावी? माझ्या वडिलांनी वाकस, रंधा, पटाशी तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले आणि आईबरोबर खडी फोडावयास गेले. ज्या हाताने चाक भरावे त्या हाताने दगड फोडायचा. घरी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी, कामावर सुकडी. आम्ही पोरे सुट्टीच्या दिवशी खडीवर जात असू. मास्तर कधी कधी तेथे सायकलीवर येत आणि वही काढून चित्रे काढीत. बायका पदर तोंडावर घेत. वडील मात्र त्यांच्याशी बोलत बसत. काय बोलत, मला ठाऊक नव्हते.

पुढच्या वर्षी एके दिवशी कर्तव्य भूमितीचा तास होता. वर्तुळात षट्कोन काढावयाचा. दार उघडले आणि मास्तरांच्या मागून माझे वडील आत आले. अंगावर खडीच्या धुळीने पांढरी झालेली बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मुंडासे. शेजारच्या मुलाने मला विचारले, "कोण रे हे?" मी म्हणालो, "आमच्या गल्लीतले हायेत कुणीतरी."

बंधूंनो, हे वाक्य मी पन्नासाहून अधिक वर्षे कोणास सांगितले नव्हते.

मास्तर वर्गास म्हणाले, "आज मी शिकविणार नाही. आज मिस्त्री शिकवतील." वडील संकोचले. "म्या काय शिकीवणार मास्तर, मला अक्षर येत न्हाई." मास्तर म्हणाले, "अक्षर नको. चाक काढा."

मग वडिलांनी जमिनीवर खिळा धरला, त्याला दोरी लावली आणि खडूने वर्तुळ फिरविले. तीच दोरी, तेवढ्याच लांबीची, ताणून वर्तुळावर एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत टाकीत गेले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहावी खूण नेमकी पहिल्या खुणेवर येऊन बसली. "हे सा पुठे," वडील म्हणाले. "एका पुठ्यात दोन आरे. बारा आरे. मदी तुंबा." मास्तरांनी फळ्यावर पुस्तकातली आकृती काढली आणि दोन्ही शेजारी दाखविल्या. एकच! पुस्तकात जी रीत छापली होती ती माझा बाप अक्षरओळख नसता रोज करीत होता.

एका मुलाने विचारले, "पाच पुठ्यांचं चाक का करत न्हाईत?" वडील हसले. "पाचाला दोरी जुळत न्हाई बाळ. सहाला आपुआप जुळती." तेव्हा मास्तरांनी पंचकोन काढून दाखविला. त्याला किती खटाटोप लागतो हे बघून वर्ग गप्प झाला. पुढे वडिलांनी धावेची गोष्ट सांगितली. लोखंडी धाव चाकापेक्षा जराशी लहानच ठेवायची. लोहार ती लाल होईतो तापवतो, तापून ती मोठी होते, मग चाकावर घालून पाणी ओतायचे, की आकसून पुठे आणि आरे आवळून धरते. हा पदार्थविज्ञानाचा धडा त्या वर्षी आम्हास दुसऱ्या कोणी इतका नीट सांगितला नाही.

तास संपला. मास्तर माझ्याजवळ आले. माझे वाक्य त्यांनी ऐकले होते की नाही, मला आजवर कळलेले नाही. ते एवढेच म्हणाले, "मिस्त्रींच्या हाताला खडू लागलाय. जा, पाणी दे." मी तांब्या घेऊन गेलो आणि भर वर्गात म्हणालो, "आबा, हात पुढं करा." शेजारचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला.

त्या वर्षी एलिमेंटरी परीक्षेस बसलो. फी मास्तरांनी भरली. ती परत करावयास गेलो तेव्हा त्यांनी घेतली. हो, घेतली! फुकट घेतलेले पोराच्या मनात सलते, असे त्यांचे मत होते. पण वर्षभर मागत नसत. इंटरमीजिएटला घनभूमिती आली. वस्तू वरून कशी दिसते, समोरून कशी, बाजूने कशी, हे तीन कागदांवर मांडावयाचे. पुढे कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्न करावयास लागलो तेव्हा इंजिनिअरचा नकाशा हातात आला आणि मी तो सरळ वाचला. जे लाकूडकामात माझ्याहून तयार होते त्यांना तो वाचता येत नव्हता, म्हणून ते हाताखाली राहिले. बीड ओतल्यावर थंड होताना शंभराला एकाच्या हिशेबाने आकसते, म्हणून लाकडी साचा तेवढा मोठा धरावा लागतो. फोरमन हे समजावू लागला तेव्हा मी म्हणालो, ठाऊक आहे. आमच्या आबांची धाव अशीच आकसते. त्या ड्रॉइंगवर माझा संसार झाला, दोन मुली शिकल्या. आता साचे कॉम्प्युटरच्या यंत्रावर कापतात, तो भाग निराळा.

मास्तर देवमाणूस होते, असे मी म्हणणार नाही. रागीट होते. एकदा एका मुलाचा कागद त्यांनी सर्वांसमक्ष टराटरा फाडला. तो मुलगा पुन्हा ड्रॉइंगला बसला नाही आणि मास्तरांनी त्याची माफी मागितल्याचे मी ऐकले नाही. हजेरीपत्रक त्यांनी कधी वेळेवर भरले नाही. घरच्यांकडे लक्ष कमी. ते बाईंनी सोसले. पण शिंप्याच्या मुलीला घरच्यांनी परीक्षेच्या केंद्रावर पाठवावयास नकार दिला, तेव्हा हेच मास्तर बाईंना बरोबर घेऊन त्यांच्या दारात जाऊन बसले, आणि होकार मिळेतो उठले नाहीत. ती मुलगी आज आजी होऊन तिसऱ्या रांगेत बसली आहे.

मास्तर निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही. ड्रॉइंगच्या खोलीत आज मोडके बाक ठेवले आहेत. मी सकाळी खिडकीतून पाहिले. शाळा चालविणाऱ्यांपैकी काहीजण व्यासपीठावर आहेत. त्यांच्या अडचणी असतील. पण आज येथे हार घालण्यापूर्वी त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, एवढे तरी त्यांनी सांगावे. बाक उचलावयास आम्ही जुने विद्यार्थी रविवारी येतो.

शेवटी या ट्रंकेविषयी. मास्तर गेल्यावर बाईंना ती पलंगाखाली सापडली. मास्तरांची चित्रे असतील म्हणून उघडली, तर आत सगळे आमचे कागद. किती वर्षांचे, कोण मोजणार! बाभळी आहेत, म्हशी आहेत, दोन डोंगरांतले सूर्यही आहेत. माझे खडीचे चित्र सापडले. त्यात आईचा हात फार लांब काढला आहे. आणि एका कागदावर मास्तरांच्या हातचे बारा आऱ्यांचे चाक आहे. खाली तारीख आणि माझ्या वडिलांचे पूर्ण नाव, त्यापुढे लिहिले आहे, 'यांनी शिकविले'. वडील १९९१ साली वारले. त्यांनी हा कागद पाहिला नाही. पाहिला असता तरी वाचता आला नसता. चाक मात्र ओळखले असते.

बाईंची इच्छा आहे की ज्याचे कागद त्याला मिळावेत. पुष्कळ कागदांवर नावे नाहीत. सभा संपल्यावर ट्रंक या टेबलावर उघडतो. दिव्याखाली या, सावकाश बघा, घाई करू नका. आणि आपला नसला तर कागद होता तसाच परत ठेवा.