गोठ्यातले गजकर्ण आणि झाडपाल्याची परीक्षा

(कोल्हापूर जिल्हा बैठकीतील भाषण)



गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे पावसाळाभर गोठ्याला ऊन लागत नाही. ओल्या, कोंदट जागेत वासरे दाटीने बांधलेली असतात. मग एखाद्याच्या डोळ्याभोवती, मानेवर करड्या खपल्यांचे गोल चट्टे दिसतात आणि बघता बघता दावणीतली सगळी वासरे धरतात. हे गजकर्ण. वासरांत ते बहुधा ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम या बुरशीने होते, कुत्र्यामांजरांत मायक्रोस्पोरम कॅनिसने. दोन्ही माणसाला लागतात. जनावर दगावत नाही म्हणून आपण दुर्लक्ष करतो. पण धार काढणाऱ्या बाईच्या हातावर आणि मांजर कुशीत घेणाऱ्या पोराच्या अंगावर तेच चट्टे उठतात. त्यांच्या औषधपाण्याचा खर्च दुधाच्या हिशोबात कोणी धरत नाही.

या रोगाचे मूळ जनावराच्या अंगावर असते तेवढेच गोठ्यातही असते. गळालेल्या केसांत आणि खपल्यांत बुरशीचे बीजाणू राहतात. दावे, खरारा, गोणपाट, गव्हाणीचे लाकूड यांवर ते महिनोन्महिने जगतात.

आपल्याकडे कडुलिंब, करंज, टाकळा, ओवा आहे. कडुलिंबाचे तेल आणि ओव्यातले थायमॉल प्रयोगशाळेच्या बशीत बुरशीची वाढ रोखतात, हे खरे. पण वाढ रोखणे वेगळे आणि बीजाणू मारणे वेगळे. शिवाय त्या बशीत शेण-मूत नसते. आणखी एक गोष्ट. वासराचे गजकर्ण बहुधा एक ते चार महिन्यांत आपोआप बरे होते. त्यामुळे पाला लावला आणि गुण आला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

पुरावा कशाला हवा? कडुलिंबाचेच उदाहरण घ्या. कडुलिंबाच्या तेलाने पिकावरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना 1994 साली युरोपात पेटंट मिळाले. त्याला आव्हान दिले गेले. पुण्याचे उद्योजक अभय फडके यांनी साक्ष दिली. 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत झालेल्या शेतावरच्या चाचण्या पुढे आल्या. मे 2000 मध्ये पेटंट रद्द झाले, मार्च 2005 मध्ये अपीलही फेटाळले गेले. आजीबाईचा बटवा कितीही मोठा असो, तारीखवार नोंद असली की त्याला वजन येते.

तेव्हा आपण दोन कामे करू.

पहिले, गोठा. आजारी वासरू वेगळे बांधा. केस-खपल्या गोळा करून जाळा. साबणाच्या पाण्याने घासून शेण पूर्ण काढा, कारण घाणीवर कुठलेच जंतुनाशक चालत नाही. मग जनावरे बाहेर काढून, लिटरभर पाण्यात 10 मिलिलिटर घरगुती ब्लीच घालून जमीन, गव्हाण दहा मिनिटे ओली ठेवा. ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका. नंतर धुऊन ऊन-वारा खेळू द्या.

दुसरे, परीक्षा. पशुवैद्यकाला विचारून एकाच वासराच्या डाव्या अंगावरच्या चट्ट्यांना अर्क लावा, उजवीकडचे तसेच ठेवा. पाला किती, पाणी किती, तारीख कोणती, हे वहीत लिहा. मांजरावर मात्र ओवा, लवंग, टी ट्री यांची तेले वापरू नका. ते अंग चाटते आणि ही तेले त्याला विषारी ठरतात.

घरात कुणाला चट्टे उठले तर दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली मलमे आणू नका. त्याने रोग दबतो आणि पसरतो. डॉक्टरकडे जा.

अर्क खरा ठरला तर वही दाखवून सांगू. खोटा ठरला तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगू.